रास्पबेरी पाय कार्डावरून, एसएसडीवरून की नेटवर्कवरून? बूटलोडरच्या सेटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रास्पबेरी पाय हा छोटा, एकाच बोर्डाचा संगणक घेतला की सुरुवात एसडी कार्डानेच होते आणि बरेच दिवस ती पुरतेही. पण हाच बोर्ड चोवीस तास चालू राहायला लागला, त्यावर डेटाबेस, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग किंवा घरचा सर्व्हर आला, की कार्डावर सतत लिहिणं सुरू होतं. मधेच लाइट जाते, फाइल सिस्टिम खराब होते आणि माणूस एसएसडीकडे, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या वेगवान डिस्ककडे वळतो. तिथून प्रश्न सुरू होतात.

या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे. "पाय कुठून बूट झाला?" असं आपण विचारतो तेव्हा त्यात दोन वेगळे प्रश्न असतात. बूटलोडरने, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, कर्नल (सिस्टिमचा गाभा) कुठून उचलला, हा पहिला. उठल्यावर कर्नलने रूट फाइल सिस्टिम (सिस्टिमचे प्रोग्राम आणि तुमच्या फाइली जिथे असतात तो डिस्कचा भाग) कुठली माउंट केली, म्हणजे वापरायला जोडून घेतली, हा दुसरा. दोन्हींची सेटिंग वेगवेगळ्या जागी असतात आणि एक बदललं म्हणून दुसरं आपोआप बदलत नाही. हे डोक्यात पक्कं बसलं की खालचे निम्मे प्रश्न तुमचे तुम्हालाच सुटतील.

कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमन अक्षरांत टाकायची.

पॉवर दिल्यापासून लॉगिन येईपर्यंत आत काय काय होतं?

प्रोसेसरच्या चिपमध्येच एक छोटा, कधीही न बदलणारा प्रोग्राम असतो, तो बूट रॉम. सगळ्यात आधी तो चालतो. पुढचा टप्पा मॉडेलप्रमाणे बदलतो.

पाय ३ पर्यंतच्या बोर्डांवर हा रॉम कार्डाच्या फॅट पद्धतीच्या पार्टिशनवरून (पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग) "बूटकोड डॉट बिन" ही फाइल वाचतो. म्हणजे बूटलोडर कार्डावरच असतो. २०१९ मध्ये पाय ४ आला आणि ही रचना बदलली. बूटलोडर बोर्डावरच्या वेगळ्या फ्लॅश चिपमध्ये गेला. तिलाच सगळे ईप्रॉम म्हणतात. पाय ४ मध्ये ती ५१२ केबीची आहे, पाय ५ मध्ये २ एमबीची. बूट ऑर्डर याच चिपमध्ये साठवलेली असते, त्यामुळे कार्ड बदललं, फॉरमॅट केलं, तरी ती तशीच राहते.

ईप्रॉममधला बूटलोडर ठरलेल्या क्रमाने एकेक डिव्हाइस तपासतो आणि बूट पार्टिशन सापडलं की तिथली "कॉन्फिग डॉट टीएक्सटी" वाचतो. पाय ४ ला त्याच पार्टिशनवरून "स्टार्ट४ डॉट ईएलएफ" हे फर्मवेअरही उचलावं लागतं. पाय ५ मध्ये ते ईप्रॉममध्येच आहे. त्यानंतर कर्नल मेमरीत येतो आणि त्याच्या हातात "सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी" मधली ओळ दिली जाते. रूट कुठे आहे ते या ओळीत लिहिलेलं असतं. इथे बूटलोडरचं काम संपलं. पुढे जे काही होतं ते कर्नल त्या ओळीच्या भरवशावर करतो.

माझ्या मॉडेलवर कार्डाशिवाय बूट जमेल का?

पाय ४ आणि पाय ५ वर यूएसबी आणि नेटवर्क, दोन्ही जमतं. पाय ४ बाजारात आला तेव्हा त्यात यूएसबी बूट नव्हतं, ते २०२० मध्ये बूटलोडरच्या अपडेटमधून मिळालं. म्हणून सुरुवातीच्या काळात घेतलेला आणि कधीच अपडेट न केलेला पाय ४ हातात असेल, तर आधी बूटलोडर अपडेट करा. एनव्हीएमई म्हणजे पीसीआयई या वेगवान जोडणीवर चालणारी एसएसडी. तिच्यासाठी थेट पीसीआयई कनेक्टर फक्त पाय ५ वर आहे. पाय ४ च्या साध्या बोर्डावर एनव्हीएमई ड्राइव्ह यूएसबी केसमध्ये घालूनच लावता येतो आणि बूटलोडरच्या लेखी तो यूएसबीच असतो.

पाय ३ बी+ मध्ये यूएसबी बूट कारखान्यातूनच चालू करून येतं. पाय ३ बी मध्ये ते स्वतः चालू करावं लागतं. त्यासाठी "कॉन्फिग डॉट टीएक्सटी" मध्ये "प्रोग्राम_यूएसबी_बूट_मोड=१" ही ओळ घालून कार्डावरून एकदा बूट करायचं. त्याने चिपमधला एक बिट कायमचा बदलतो, तो परत मागे घेता येत नाही. "व्हीसीजेनसीएमडी ओटीपी_डंप" चालवून १७ व्या ओळीत ३०२००००ए दिसलं की काम झालं. मग ती ओळ काढून टाका, नाहीतर ते कार्ड दुसऱ्या बोर्डात घातलं की त्याचाही बिट बदलेल.

त्याहून जुन्या बोर्डांवर छोटं कार्ड ठेवावंच लागतं. फॅट३२ केलेल्या कार्डावर नुसती "बूटकोड डॉट बिन" टाकली तरी पुढचं सगळं यूएसबीवरून चालू शकतं. घरात पडून असलेलं अगदी जुनं, छोटं कार्डही याला पुरतं.

बूट ऑर्डरमधला तो "एफ४१" काय आहे? कसा वाचायचा?

उजवीकडून डावीकडे. इथेच बहुतेकांची फसगत होते.

प्रत्येक अंक एक डिव्हाइस दाखवतो. १ म्हणजे एसडी कार्ड, २ नेटवर्क, ४ यूएसबीवरची डिस्क किंवा पेन ड्राइव्ह, ६ एनव्हीएमई आणि ७ एचटीटीपी. ई म्हणजे इथे थांब आणि एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. सेटिंगमध्ये हा आकडा लिहिताना आधी शून्य आणि एक्स येतं, कारण तो सोळाच्या पायावरचा आहे.

म्हणून एफ४१ वाचताना आधी १, म्हणजे कार्ड. नाही सापडलं तर ४, म्हणजे यूएसबी. तेही नसेल तर एफ, म्हणजे पुन्हा कार्डापासून. पाय ४ वर हाच क्रम आलेला असतो. पाय ५ वर एफ४६१ असतो: कार्ड, मग एनव्हीएमई, मग यूएसबी, मग परत पहिल्यापासून.

शेवटचा एफ ठेवाच. एसएसडीला जाग यायला कधी थोडा जास्त वेळ लागतो. पहिल्या फेरीत ती सापडली नाही तरी एफ असेल तर दुसऱ्या फेरीत सापडते. तिथे ई घातला तर बोर्ड तिथेच थांबेल आणि तुम्ही घरी नसाल तर कोणीतरी पॉवर काढून घालेपर्यंत थांबूनच राहील.

हा क्रम बदलायचा कसा?

तीन वाटा आहेत. सोपी वाट म्हणजे "रास्पी-कॉन्फिग" चालवून ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये बूट ऑर्डर निवडणं. तिथे तयार पर्याय मिळतात.

आपल्याला हवा तसाच क्रम लावायचा असेल तर "सुडो आरपीआय-ईप्रॉम-कॉन्फिग --एडिट" द्या. एडिटरमध्ये एक छोटी फाइल उघडते, तिच्यात "बूट_ऑर्डर" ची ओळ असते. नसेल तर आपण लिहायची. सेव्ह करून बाहेर पडलात की बदल लगेच लागू होत नाही, तो पुढच्या रीस्टार्टला ईप्रॉममध्ये लिहिला जातो. त्या रीस्टार्टच्या वेळी पॉवर काढू नका.

बोर्डावर सिस्टिमच नसेल, तर दुसऱ्या संगणकावर रास्पबेरी पाय इमेजर, म्हणजे कार्डावर सिस्टिम लिहिणारा प्रोग्राम, उघडा. युटिलिटी इमेजमध्ये बूटलोडरचा विभाग आहे. तिथून हवा तो बूट क्रम निवडून कार्ड तयार करायचं, ते पायमध्ये घालून पॉवर द्यायची. हिरवा दिवा भराभर, एकसारखा लुकलुकू लागला आणि स्क्रीन हिरवी झाली की काम झालं. मग पॉवर काढा आणि कार्डही काढा.

क्रम बदलण्याआधी "सुडो आरपीआय-ईप्रॉम-अपडेट" देऊन बूटलोडर ताजा आहे ना, ते पाहून घ्या. जुन्या बूटलोडरमध्ये अडकलेली कितीतरी भांडणं नुसत्या अपडेटने मिटतात.

तुमच्या मते कुठला क्रम चांगला?

घरच्या सर्व्हरसाठी मी कार्ड पहिलं ठेवायला सांगतो. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं. एसएसडीवर जायचं म्हणून तर हा खटाटोप, मग कार्ड पहिलं कशाला? कारण रोजच्या वापरात स्लॉट रिकामाच असतो आणि रिकामा स्लॉट ओलांडून एसएसडीपर्यंत पोचायला फारसा वेळ लागत नाही. पण एखाद्या दिवशी एसएसडीवरची सिस्टिम उठली नाही, तर चालणारं कार्ड घालायचं, पॉवर द्यायची आणि त्या कार्डावरून एसएसडी दुरुस्त करायची. मॉनिटर नको, कीबोर्ड नको, ईप्रॉमला हात लावायला नको. बोर्ड माळ्यावर किंवा वितरण पेटीच्या मागे बसवलेला असेल तेव्हा या सोयीची खरी किंमत कळते.

कार्ड कायम आतच ठेवायचं असेल, त्यावर बॅकअप घ्यायचा असेल, तर मात्र क्रम उलटा करावा लागतो. पाय ४ वर एफ१४, म्हणजे आधी यूएसबी. पाय ५ वर एनव्हीएमई असेल तर एफ१४६, म्हणजे एनव्हीएमई, यूएसबी, कार्ड. अशा वेळी त्या कार्डावर बूट होणारी दुसरी सिस्टिम नसलेलीच बरी.

कार्डावरची सिस्टिम तशीच एसएसडीवर न्यावी की नवी टाकावी?

जमत असेल तर नवी टाका. इमेजर एसएसडीवरही थेट लिहितो आणि वापरकर्त्याचं नाव, वाय-फाय, एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन) हे आधीच भरून देता येतं. कार्डावर साचलेला जुना कचराही मागे राहतो.

सगळं लावून बसवलेलं असेल आणि पुन्हा करण्याची ताकद नसेल, तर डेस्कटॉपवरचा "एसडी कार्ड कॉपियर" वापरा. त्यात नवे पार्टिशन यूयूआयडी (पार्टिशनच्या ओळखखुणा) करण्यासाठी एक चौकोन आहे. त्यावर टिक करायला विसरू नका. का, ते पुढच्या उत्तरात.

एसएसडीवर कॉपी केली, क्रमही बदलला. तरी काल केलेले बदल आज गायब! असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त डोकं खातो, म्हणून सविस्तर सांगतो.

"सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी" उघडून पाहा. तिच्यात "रूट=पार्टयूयूआयडी=" असं लिहून पुढे आठ अक्षरांची एक खूण आणि "-०२" असतं. समजा ते ४सी३५९१डी७-०२ आहे. यातली पहिली आठ अक्षरं ही त्या डिस्कची सही आणि ०२ म्हणजे तिच्यावरचं दुसरं पार्टिशन. कर्नलला "कार्ड" किंवा "एसएसडी" हे शब्द माहीत नसतात. तो फक्त ही सही शोधतो.

आता "डीडी" या कॉपी करणाऱ्या कमांडने कार्डाची हुबेहूब प्रत एसएसडीवर काढली, की सहीचीही प्रत निघते. दोन्ही डिस्क एकाच वेळी बोर्डाला लावलेल्या असतील तर एकाच सहीची दोन पार्टिशनं समोर येतात. बूटलोडरने कर्नल इमानेइतबारे एसएसडीवरून उचललेला असतो, पण कर्नल त्या सहीचं जे पार्टिशन हाती लागेल ते रूट म्हणून धरतो आणि ते बरेचदा कार्डावरचं असतं. एखाद्या दिवशी एसएसडीवरचं हाती लागतं. मग तुम्ही सोमवारी एका डिस्कवर काम करता आणि मंगळवारी दुसरीवर. बदल कुठेही गेलेले नसतात, ते त्या दुसऱ्या डिस्कवर जसेच्या तसे असतात.

उपाय दोन. पॉवर बंद करून कार्ड काढून टाका, हा तात्पुरता. एसएसडीची सही बदला, हा पक्का. त्यासाठी कार्डावरून बूट करायचं. एसएसडी तेव्हा लावलेली नसावी, बूट झाल्यावर मग ती लावा. तिच्यावर "एफडिस्क" उघडा, एक्स दाबून तज्ज्ञांच्या मेनूत जा, आय दाबून नवी सही द्या, आर दाबून परत या आणि डब्ल्यूने लिहून टाका. पण इथे थांबलात तर एसएसडी बूटच होणार नाही. तिच्या बूट पार्टिशनवरच्या "सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी" मध्ये एका ठिकाणी आणि रूटवरच्या "ईटीसी" फोल्डरातल्या "एफएसटॅब" मध्ये दोन ठिकाणी जुनी सही आहे. तिन्ही ठिकाणी नवी घाला. "बीएलकेआयडी" चालवलं की नवी सही समोर दिसते, तिथून कॉपी करा, हाताने टाइप करू नका. आणि "सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी" मधला सगळा मजकूर एकाच ओळीत राहिला पाहिजे. मधे एंटर पडला की पुढचं कर्नल वाचत नाही.

अपडेट केल्यावर वाय-फायच गायब झालं. बूट तर नीट होतंय.

याच गोंधळाची ही दुसरी बाजू. कर्नल एका डिस्कवरून येतोय आणि रूट दुसऱ्या डिस्कवर आहे. "एफएसटॅब" मध्ये बूट पार्टिशन म्हणून एसएसडीचं पार्टिशन लिहिलेलं असतं, म्हणून अपडेट नवा कर्नल एसएसडीवर ठेवतो आणि त्याचे ड्रायव्हर मॉड्यूलही एसएसडीवरच. पण बूटलोडर अजून कार्डावरचा जुना कर्नलच उचलत असतो. जुन्या कर्नलला त्याच्या आवृत्तीची मॉड्यूल सापडली नाहीत की वाय-फाय, आवाज अशा गोष्टी बंद पडतात.

"यूनेम -आर" जी आवृत्ती सांगतो, त्या नावाचं फोल्डर "लिब" मधल्या "मॉड्यूल्स" मध्ये आहे का ते बघा. नसेल तर रोग सापडला. क्रम सुधारा किंवा कार्ड काढा.

जुन्या पायवर मुद्दामच बूट कार्डावर आणि रूट एसएसडीवर ठेवलेला असतो. त्यात गैर काही नाही. फक्त "एफएसटॅब" मधलं बूटचं पार्टिशन कार्डाचंच असायला हवं.

मग आत्ता पाय नेमका कुठून चाललाय, हे कसं कळेल?

रूटसाठी "फाइंडएमएनटी" देऊन पुढे तिरपी रेघ द्या. उत्तरात "एमएमसीबीएलके०" आलं तर कार्ड, "एसडीए" आलं तर यूएसबी, "एनव्हीएमई०एन१" आलं तर एनव्हीएमई. बूट पार्टिशनसाठी हीच कमांड "/बूट/फर्मवेअर" वर चालवा. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ते तिथे असतं, त्याआधी नुसतं "/बूट" होतं.

पण हे दुसरं उत्तर "एफएसटॅब" ने माउंट केलेलं पार्टिशन दाखवतं. बूटलोडरने प्रत्यक्षात उचललेलं तेच असेल असं नाही. पाय ४ आणि ५ वर त्याचा खरा पुरावा "/प्रॉक/डिव्हाइस-ट्री/चोझन/बूटलोडर" या फोल्डरातल्या "बूट-मोड" फाइलीत मिळतो. ती बायनरी आहे, "ओडी" किंवा "हेक्सडंप" ने उघडा. आतला आकडा बूट ऑर्डरच्याच भाषेतला असतो: १ कार्ड, ४ यूएसबी, ६ एनव्हीएमई.

कार्ड काढलं की काहीच होत नाही. सुरुवात कुठून करू?

मॉनिटर लावा. पाय ४ आणि ५ वर यूएसबी-सी पॉवरच्या शेजारच्या एचडीएमआयमध्ये केबल घाला. बूट जमत नसेल तर बूटलोडर स्वतःच निदानाची स्क्रीन दाखवतो आणि तिच्यात बहुतेक उत्तर असतं. बूटलोडरची तारीख, चालू असलेला बूट क्रम, आत्ता कुठलं डिव्हाइस तपासतोय, कुठली फाइल उघडायला गेला, सगळं तिथे एकामागून एक येतं. फोनने फोटो काढून ठेवा, ओळी पटकन सरकतात.

यादीत यूएसबीची पाळी येतच नसेल तर क्रम चुकलाय. पाळी येते पण डिस्क दिसत नाही, तर केबल, केस किंवा पॉवर. डिस्क दिसते पण फाइल सापडत नाही, तर बूट पार्टिशन फॅट नाही किंवा सिस्टिम या मॉडेलसाठी जुनी आहे. पाय ५ ला बुकवर्म किंवा त्यानंतरची आवृत्तीच लागते. आणि बूटलोडर सगळं नीट करून बाजूला झाला, कर्नलच्या ओळी आल्या आणि मग रूटची वाट पाहत थांबलं, तर बूट ऑर्डरला हात लावू नका. "सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी" तपासा.

मॉनिटर नाही. हिरव्या दिव्यावरून काही कळतं का?

बरंच कळतं. ४ छोटे झपके म्हणजे "स्टार्ट" फर्मवेअर सापडलं नाही. ७ छोटे म्हणजे कर्नल सापडला नाही. ८ छोटे म्हणजे मेमरीचा बिघाड, त्यावर घरी इलाज नाही. आधी २ लांब आणि मग १ छोटा असेल तर पार्टिशन फॅट नाही. २ लांब आणि २ छोटे असतील तर पार्टिशन वाचता आलं नाही. दिवा बिघडला असं समजून लोक हे दुर्लक्षित करतात, पण एकदा शांतपणे मोजा.

पाय ५ वर यूएसबी एसएसडी लावली की स्क्रीनवर पॉवरबद्दल संदेश येतो आणि बोर्ड थांबतो.

पाय ५ ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर देणारा पॉवर सप्लाय मिळाला तरच तो यूएसबी पोर्टना मिळून १.६ अँपिअर देतो. ३ अँपिअरचा सप्लाय असेल तर सगळ्या पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच. तेवढ्यावर एसएसडी लिहिता लिहिता बंद पडू शकते, म्हणून बूटलोडर यूएसबीवरून बूट करण्याआधीच अडवतो आणि विचारतो. पॉवरचं बटण दाबलं की तेवढ्या वेळेपुरता पुढे जातो.

सप्लाय खरोखर दमदार आहे याची खात्री असेल, तर एसएसडीवरच्या "कॉन्फिग डॉट टीएक्सटी" मध्ये "यूएसबी_मॅक्स_करंट_एनेबल=१" लिहा. पण ६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर आहे म्हणजे झालं, असं धरून चालू नका. असे चार्जर जास्त वॅट ९, १५ किंवा २० व्होल्टवर देतात. ५ व्होल्टवर बहुतेकांची धाव ३ अँपिअरपर्यंतच असते. पैसे वाचवायचे तर ड्राइव्हमध्ये वाचवा, सप्लायमध्ये नको.

पाय ४ वर चारही पोर्टना मिळून १.२ अँपिअर मिळतं. "व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड" चं उत्तर नुसतं शून्य असेल तर पॉवर ठीक. ५०००० आलं तर मधे कधीतरी व्होल्टेज पडून वेगावर मर्यादा आली होती.

एसएसडी लॅपटॉपवर मस्त चालते, पायवर मात्र अडखळते, मिनिट मिनिट लटकते.

बहुतेक वेळा दोष एसएसडीचा नसतो, मधल्या साटा-यूएसबी केबलीतल्या चिपचा असतो. यूएसबी ३ वर लिनक्स यूएएस नावाचा वेगवान मार्ग वापरतो आणि काही चिपना तो पेलत नाही. "एलएसयूएसबी" ने त्या केबलीचा ओळख क्रमांक काढा. समजा तो १५२डी:०५७८ आला. मग "सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी" च्या ओळीच्या सुरुवातीला "यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=१५२डी:०५७८:यू" हे लिहून एक जागा सोडा. त्या चिपपुरता यूएएस बंद होतो. वेग थोडा कमी होतो, पण लटकणं थांबतं.

निदानासाठी आणखी एक. एसएसडी निळ्या पोर्टातून काढून काळ्या पोर्टात लावून पाहा. तिथे सुरळीत चालली तर डिस्क आणि सिस्टिम दोन्ही ठीक आहेत, शोध केबल आणि पॉवरकडे वळवा. एसएसडी लावल्यापासून २.४ गिगाहर्ट्झ वाय-फाय मंद झालं असेल, तर तेही यूएसबी ३ च्या गोंगाटामुळे होतं. ५ गिगाहर्ट्झवर जा किंवा डिस्क थोड्या लांब केबलीने बोर्डापासून दूर ठेवा.

पाय ५ वर एनव्हीएमईची पाटी बसवली, ड्राइव्ह दिसतच नाही.

आधी ड्राइव्हवरचा मजकूर वाचा. एम.२ आकाराचे साटा ड्राइव्हही मिळतात, दिसायला जवळजवळ सारखेच, पण ते पीसीआयईवर चालत नाहीत. एनव्हीएमई असं स्पष्ट लिहिलेलं हवं. मग पट्टीची केबल दोन्ही टोकांना सरळ बसली आहे आणि कुलूप नीट दाबलं आहे ना, ते बघा. अर्धा मिलिमीटर तिरकी असली तरी लिंक बसत नाही.

हॅट+ म्हणजे पायवर बसवायच्या जोडपाट्यांचे रास्पबेरी पायने ठरवलेले नियम. त्यांची स्वतःची एम.२ हॅट+ पाटी बूटलोडर आपणहून ओळखतो. ती २२३० आणि २२४२ मापाचे ड्राइव्ह घेते, लांबलचक २२८० साठी दुसऱ्या उत्पादकांच्या पाट्या आहेत. त्यांतल्या ज्या हॅट+ च्या नियमात बसत नाहीत, त्यांच्यासाठी ईप्रॉमच्या सेटिंगमध्ये "पीसीआयई_प्रोब=१" लिहावं लागतं. शिवाय "कॉन्फिग डॉट टीएक्सटी" मध्ये "डीटीपॅरम=पीसीआयईएक्स१" घाला. पहिली ओळ बूटलोडरसाठी, दुसरी कर्नलसाठी. पुन्हा तीच दोन घरं.

कनेक्टर जेन २, म्हणजे पीसीआयईच्या दुसऱ्या पिढीच्या वेगासाठी प्रमाणित आहे. जेन ३ चालू करता येतो, अनेकांकडे चालतोही, पण लिहिण्यात चुका दिसू लागल्या तर आधी तो बंद करा. जेन २ वरही कार्डाच्या मानाने फरक इतका आहे की तेवढ्यावर समाधान मानायला हरकत नाही.

पेन ड्राइव्हवरून केलं तर?

होतं. शिकायला, आणीबाणीला ठीक. रोजच्या वापराला नको. स्वस्त पेन ड्राइव्ह बारीक बारीक फाइली लिहिताना चांगल्या कार्डापेक्षाही मागे पडतो आणि तापतो.

नेटवर्कवरून बूट कोणाच्या कामाचं?

शाळेच्या लॅबमध्ये एकसारखे वीस-पंचवीस बोर्ड असतील तर फार कामाचं. एका सर्व्हरवर सिस्टिम बदलली की सगळे बोर्ड पुढच्या बूटला तीच घेतात, कार्डं बदलत फिरावं लागत नाही. बूट ऑर्डरमध्ये २ ठेवायचा. बोर्ड डीएचसीपीने पत्ता घेतो, टीएफटीपीने कर्नल आणतो आणि रूट सहसा एनएफएसवर, म्हणजे सर्व्हरवरच्या नेटवर्कने जोडलेल्या फोल्डरात असतो. हे वायरच्या लॅनवरच होतं, वाय-फायवर नाही. घरी एकुलत्या एका बोर्डासाठी एवढं करण्याची गरज नाही.

एकाच पायवर दोन सिस्टिम ठेवून निवड करता येईल?

पीसीवर ग्रब या बूटलोडरचा, सिस्टिमींची नावं दाखवणारा मेनू येतो तसा मेनू या बूटलोडरमध्ये नाही. सोपा मार्ग म्हणजे क्रम कार्ड-पहिलं ठेवायचा, एक सिस्टिम एसएसडीवर आणि दुसरी कार्डावर. मुलांचा खेळ किंवा टीव्हीची सिस्टिम हवी तेव्हा कार्ड घाला, नको तेव्हा काढा.

एकाच डिस्कवर दोन हव्या असतील तर प्रत्येकीला स्वतःचं फॅट बूट पार्टिशन द्या. पहिल्या पार्टिशनवर "ऑटोबूट डॉट टीएक्सटी" या फाइलीत "बूट_पार्टिशन=" पुढे हव्या त्या पार्टिशनचा क्रमांक लिहिला की बूटलोडर तिकडे जातो. एकदाच दुसरीकडे जायचं असेल तर "सुडो रीबूट" च्या पुढे क्रमांक द्या.

चुकीचं काही लिहिलं आणि ईप्रॉमच बिघडला तर बोर्ड गेला का?

नाही. इतकं निर्धास्तपणे सांगता येतं कारण बूट रॉम चिपमध्येच आहे, तो तुमच्या हातून बिघडू शकत नाही. इमेजरमधून तुमच्या मॉडेलचं बूटलोडर रिकव्हरी कार्ड बनवा. एसएसडी आणि बाकीचं यूएसबीचं सगळं काढा, कार्ड घाला, पॉवर द्या. हिरवा दिवा भराभर लुकलुकू लागला की ईप्रॉम मूळ सेटिंगसह नव्याने लिहिला गेला. दिवा तसा लुकलुकला नाही तर कार्ड पुन्हा लिहा किंवा दुसरं कार्ड घ्या. बिघाड बरेचदा कार्डातच निघतो.

४ टीबीची डिस्क लावली तर पूर्ण वापरता येईल?

रास्पबेरी पाय ओएसची इमेज जुन्या एमबीआर पद्धतीच्या पार्टिशन टेबलने येते आणि ती २ टीबीच्या पुढे जात नाही. पाय ४ आणि ५ चे बूटलोडर जीपीटी ही नवी पद्धत वाचतात, म्हणजे टेबल बदलून पूर्ण डिस्क वापरता येते, पण तेव्हा पार्टिशनची सही बदलते आणि वर सांगितलेल्या तिन्ही ठिकाणी ती नव्याने लिहावी लागते. त्यापेक्षा सिस्टिम १२० किंवा २४० जीबीच्या छोट्या एसएसडीवर ठेवा. मोठी डिस्क जीपीटी करून फक्त डेटासाठी लावा आणि "एफएसटॅब" मधल्या तिच्या ओळीत "नोफेल" लिहा. मग एखाद्या दिवशी ती डिस्क काढलेली असली तरी बूट अडत नाही.